चौथा गडी

सरकारी कचेरीत जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. त्यातली दहा मिनिटं डब्याला पुरतात, उरलेली वीस कॅरमची. मुंबईच्या जुन्या कचेऱ्यांत, बँकांच्या मोठाल्या इमारतींत, पोस्टात, टेलिफोनच्या ऑफिसात हा हिशेब वर्षानुवर्षं चालत आला आहे. पोळीचा शेवटचा तुकडा तोंडात असतानाच कुणीतरी उठतो, हात धुतो आणि रुमालाला नीट पुसतो. नीट म्हणजे बोटांच्या बेचक्यांसकट, कारण ओल्या बोटाला स्ट्रायकर चिकटतो आणि ओल्या बोर्डावर सोंगटी रुसते.

खोली बहुधा रेकॉर्डच्या मागे असते. लाल रुमालात बांधलेली दप्तरं छतापर्यंत रचलेली. मधोमध पत्र्याच्या शेडमधला दिवा इतका खाली आलेला, की उठताना उंच माणसानं डोकं सांभाळावं. त्याच्या उजेडात बोर्ड. पावडरच्या डब्याच्या झाकणाला खिळ्यानं भोकं पाडलेली. सोंगट्यांपैकी एक काळी मूळच्या संचातली नव्हे. ती जरा जाड आहे आणि पॉकेटच्या तोंडाशी येऊन थांबते, असा तिचा लौकिक. स्ट्रायकर मात्र ज्याचा त्याचा. पंधरा ग्रॅमपर्यंत वजनाची ती चकती टेबलाच्या खणात स्टॅम्पपॅडच्या मागे ठेवलेली असते. एकवेळ पेन उसनं मिळेल, स्ट्रायकर नाही.

नव्या माणसाला ही खोली कुणी दाखवत नाही. रुजू झाल्या दिवशी त्याला हजेरीपट दाखवतात, पाण्याचा कूलर दाखवतात, साहेबांच्या केबिनचं दार दाखवतात. खोलीचा पत्ता त्याला आवाजावरून लागतो. भिंतीपलीकडे टक्, मग काहीतरी घरंगळल्याचा खळखळाट, मग चारपाच गळ्यांतून एकदम निघालेलं ‘अर्रर्र’. पहिले काही दिवस तो आपला डबा आपल्याच टेबलावर, फाइल बाजूला सारून खातो. मग एक दिवस दाराशी येऊन उभा राहतो. बघणाऱ्यांना मज्जाव नसतोच. बघणारे हेही त्या खोलीचं सामानच.

आणि मग कधीतरी चौथा गडी रजेवर जातो.

‘अहो, येतं का तुम्हाला?’

‘थोडं थोडं.’

या उत्तराचे दोन अर्थ होतात आणि बसलेल्या तिघांनाही ते ठाऊक असतात. एक तर खरंच येत नाही. नाहीतर गल्लीत समोर बसायला कुणी तयार होत नव्हतं. कुठला ते पहिल्या तीन फटक्यांत कळतं. नोकरीच्या मुलाखतीत टेबलापलीकडच्या लोकांनी त्याला ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलेलं असतं आणि त्यानं पाठ केलेलं सांगितलेलं असतं. इथे कुणी काही विचारत नाही, नुसतं बघतात. सोपी सोंगटी आधी घेतो की अवघडाचा मोह धरतो, जोडीदाराची वाट मोकळी करतो की आपलीच मारत सुटतो, बाही लागून सोंगटी हलली तर सांगतो की गप्प बसतो. ऑफिसातल्या मुरलेल्या माणसाला पुढच्या वीस वर्षांसाठी एवढी माहिती पुष्कळ होते.

मराठीत या प्रवेशाची एक बारीक खूण आहे आणि ती इतर भाषांतल्या लोकांना समजावून सांगणं कठीण. पहिल्या बोर्डाला ‘अहो, तुमची पाळी’ असतं. दुसऱ्या-तिसऱ्या बोर्डाला, राणी अगदी पॉकेटच्या ओठावर असताना नव्या माणसाचा हात थबकतो आणि समोरून एक आवाज येतो, ‘अरे मार ना!’ कुणी ठरवून म्हणत नाही. म्हणणाऱ्याच्याही ते लक्षात येत नाही. ज्याला म्हटलं गेलं, त्याच्या मात्र येतं.

या बोर्डाची एक गंमत अशी, की कचेरीत शिरण्याआधी बरीच वर्षं तो कचेरीच्या बाहेर होता. कॅरम हा गल्लीचा, चाळीच्या जिन्याखालचा, मंडळाच्या खोलीतला खेळ. तिथे खेळणारे कोण, तर ज्यांना दुपारी कुठे जायचं नसतं ते. बी.ए. झालेले, टायपिंगच्या परीक्षा दिलेले, सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवून ‘कॉल’ची वाट पाहणारे. पोस्टमन गल्लीत शिरला की खेळ क्षणभर थांबायचा आणि तो पुढे गेला की पुन्हा सुरू व्हायचा. वरच्या मजल्यावरून आई किंवा काका ओरडणार हे ठरलेलंच, ‘कॅरम खेळून पोट भरणार आहे का?’ कॅरम म्हणजे बेकारीचा जाहीर फलक होता. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनी मुलाला कोपऱ्यावरच्या बोर्डापाशी पाहिलं, तर पुढची बोलणी जरा जपून व्हायची.

आणि काहींचं पोट खरोखरच त्यावर भरलं. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत गुणवान खेळाडूंना घेण्यासाठी ज्या खेळांची यादी आहे, तिच्यात हॉकी-कुस्तीच्या पंगतीला ब्रिज, बुद्धिबळ आणि कॅरम हेही बसलेले आहेत. शिवाय आट्यापाट्याही, ते वाचून कुणाही मराठी माणसाला उगीचच बरं वाटतं. कॅरमच्या राष्ट्रीय स्पर्धेचे निकाल पाहिले, तर महाराष्ट्र, तामिळनाडू अशा राज्यांच्या शेजारी रिझर्व्ह बँक, आयुर्विमा महामंडळ, पेट्रोलियम अशी नावं संघ म्हणून येतात. कॅरमचा विश्वविजेता झालेला मुंबईचा प्रशांत मोरे रिझर्व्ह बँकेचा. विश्वविजेत्या ठरलेल्या रश्मी कुमारी पेट्रोलियमच्या, एस. अपूर्वा आयुर्विम्याच्या. ओरडणाऱ्या काकांना यातलं काही माहीत नव्हतं, असं मात्र नाही. माहीत होतं म्हणूनच जास्त ओरडत असावेत. लाखात एकाचं होतं, आणि गल्लीतल्या प्रत्येकाला वाटतं तो एक आपणच.

या दोघींची नावं घेताना कचेरीतली ती खोली पुन्हा आठवते आणि थोडं ओशाळायला होतं. त्या खोलीत बायका दिसत नसत. त्यांचं टेबल वेगळं, तिथे भाजीची देवाणघेवाण, लोणच्याची चौकशी, ब्लाउजपीसचे भिशीवाले हप्ते. कॅरमच्या दिव्याखाली एखादी येऊन बसली तर पुरुषांचे आवाज बदलायचे, खेळ नीट व्हायचा नाही, आणि ‘काय मॅडम, तुम्ही पण?’ असं कुणीतरी हसत म्हणायचा. हसत म्हटलेल्या वाक्यानं दार जितकं घट्ट लागतं, तितकं रागावून लागत नाही.

पण खरी पंचाईत खेळाडू म्हणून लागलेल्या माणसाची. त्याची नोकरी बोर्डानं दिली. तो वर्षातले कित्येक आठवडे स्पर्धांना बाहेर. परत आला की टेबलावर कागद साचलेले, आणि शेजारचा कारकून, ज्यानं त्यातले निम्मे उपसले, तो विचारणार, ‘काय, टेबलावर दिसत नाही हल्ली?’ त्यावर तो म्हणणार, ‘कुठल्या टेबलावर?’ सगळे हसतात, पण शेजारचा जरा कमी हसतो. जेवणाच्या सुट्टीत तो रेकॉर्डमागच्या खोलीत येतो आणि तिथे त्याला जागा नसते. त्याच्याविरुद्ध कोण बसणार? जोडीदार म्हणून घेतला तर समोरचे दोघं म्हणतात, मग आम्ही बघतोच फक्त. एखादे दिवशी डाव्या हातानं खेळायच्या अटीवर बसवतात. डाव्या हातानंही तो बोर्ड उरकून टाकतो. शेवटी त्याच्यासाठी एक वेगळीच खुर्ची तयार होते, पंचाची. स्ट्रायकर रेषेला टेकला होता का, राणी कव्हर झाली की नाही, हे त्याला विचारायचं. ज्या खेळानं नोकरी दिली तो एवढाच त्याच्या वाट्याला उरतो. तो निमूटपणे भिंतीला टेकून उभा राहतो, आणि त्याची उजवी तर्जनी अंगठ्यावर आपसूक ताणली जाऊन सुटते. हवेतच.

खेळ आणि नोकरी यांचं हे वाकडं नातं मुंबईचंच नाही. न्यूयॉर्कमध्ये १९३१ साली आल्फ्रेड बट्स नावाच्या बत्तीस वर्षांच्या वास्तुरचनाकाराची नोकरी गेली. मंदीत कुणी इमारतीच बांधत नव्हतं, नकाशे कोण काढून घेणार? त्या काळात घरी बसलेला प्रत्येक माणूस सकाळी वर्तमानपत्र उघडून ‘पाहिजेत’च्या जाहिराती वाचत होता. बट्सनं वर्तमानपत्र वेगळ्याच कामाला लावलं. न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर कुठलं अक्षर किती वेळा येतं, ते तो मोजत बसला. बातमी काय आहे याच्याशी कर्तव्य नाही, त्यात ‘ई’ किती. त्या मोजणीतून अक्षरांच्या शंभर चौकटींचा शब्दखेळ झाला. इंग्रजीत ‘एस’ वारंवार येतो, तरी त्यानं तो मुद्दाम चारच ठेवला, नाहीतर लोक प्रत्येक शब्दाचं अनेकवचन करून सुटले असते. (हा हिशेब देवनागरीत करायला बसलेल्यांची दया येते. ‘ज्ञ’ एक चौकट की दोन, वेलांटी सुटी द्यायची की अक्षराला चिकटवून?)

खेळण्यांच्या कंपन्यांनी तो खेळ एकामागून एक परत केला. म्हणजे माणूस बेकार, आणि बेकारीत केलेलं कामही नोकरीच्या अर्जासारखंच साभार परत. पुढे बट्सला वास्तुरचनेचं काम पुन्हा मिळालं, आणि क्वीन्समधल्या त्याच्या घराजवळच्या चर्चच्या सभागृहात हा खेळ शेजारीपाजारी खेळत राहिले. १९४८ मध्ये जेम्स ब्रूनो या गृहस्थानं तो घेतला आणि त्याचं नाव स्क्रॅबल ठेवलं. १९४९ मध्ये ब्रूनोनं २,४०० संच केले आणि ४५० डॉलरचा खड्डा पडला. १९५२ नंतर मात्र मागणी अशी उसळली, की माल पुरेना. जॅक्सन हाइट्समध्ये त्या चर्चच्या कोपऱ्यावर आज रस्त्याच्या नावाची पाटी आहे, आणि तिच्यावर प्रत्येक अक्षराखाली त्याचे गुण लिहिले आहेत. नोकरी गेलेल्या माणसाच्या वाट्याला एवढं फार वेळा येत नाही.

मोनोपलीची गोष्ट अमेरिकेत बरीच वर्षं अशीच सांगितली जायची. मंदीत बेकार झालेला चार्ल्स डॅरो, त्याला सुचलेला खेळ, १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सनं विकत घेतला आणि तो लखपती झाला. गोष्ट छानच आहे. फक्त खेळ त्याचा नव्हता. त्याला तो ओळखीच्यांनी घरी बोलावून शिकवला होता. मुळात तो लिझी मॅगी या बाईंचा, आणि त्याचं पेटंट १९०४ चं.

या लिझीबाई स्टेनोग्राफर होत्या. आठवड्याला दहा डॉलर पगार, त्यात भागायचं नाही. १९०६ मध्ये त्यांनी वर्तमानपत्रात एक जाहिरात दिली, की तरुण अमेरिकन गुलाम स्त्री विकणे आहे, जास्तीत जास्त बोली लावणाऱ्याला. म्हणजे स्वतःचीच. एकट्या, कमावत्या बाईला नोकरीच्या बाजारात नेमकं काय म्हणून उभं राहावं लागतं, ते त्यांनी जाहिरातीच्याच भाषेत सांगून टाकलं. गवगवा झाला. अशा बाईनं केलेल्या खेळाच्या पटावर एका कोपऱ्यातल्या घरात लिहिलं होतं, की धरणीमातेवर श्रम केले म्हणजे मजुरी मिळते. त्या घरावरून गेलं की शंभर डॉलर. खेळ जमीनदारांच्या भाडेखाऊपणावर बोट ठेवायला केलेला होता. पुढे मोनोपलीत धरणीमाता गेली, श्रम गेले, उरला तो ‘गो’चा कोपरा. ओलांडला की दोनशे डॉलर पगार. का, ते विचारायचं नाही. आपल्याकडचा ‘व्यापार’ मे महिन्याच्या सुट्टीत ज्यांनी खेळला आहे, त्यांना हा कोपरा चांगला आठवेल. एक फेरी पुरी झाली की बँक पैसे देते. एक महिना भरला की ऑफिस देतं, तसंच. आणि सगळ्यांत धाकट्या भावंडाला, ज्याला कुणी खेळात घेत नाही, बँकर करून बसवायचं. दिवसभर दुसऱ्यांच्या नोटा मोजल्याचा त्याला केवढा अभिमान! लिझीबाईंना पार्कर ब्रदर्सकडून १९३५ मध्ये पाचशे डॉलर मिळाले.

नोकरीचं वर्म मात्र त्याहून आधीच्या एका पटानं सांगून ठेवलं आहे. मिल्टन ब्रॅडली हा शिळाछापाचा धंदा करणारा माणूस. त्यानं अब्राहम लिंकनचं गुळगुळीत दाढी केलेलं चित्र छापलं, ते झपाट्यानं खपलं, आणि मग लिंकननं दाढी वाढवली. छापलेली चित्रं कवडीमोल झाली. सावरायला ब्रॅडलीनं १८६० मध्ये आयुष्याचा पट काढला. बालपणापासून निघायचं, सुखी म्हातारपणाला पोचायचं. फासे म्हणजे जुगार, म्हणून फाशांऐवजी फिरकी. वाटेत आळस, तुरुंग, अब्रू, कॉलेज अशी घरं. पट नीतीचा, उपदेशाचा. चिकाटीच्या घरात पडलात तर यशाकडे, जुगाराच्या घरात पडलात तर नाशाकडे. आणि याच सोवळ्या पटावर एक घर आहे, ज्यात पडलं की सोंगटी थेट गलेलठ्ठ सरकारी जागेवर जाऊन बसते. त्या घराचं नाव मराठीत एकाच शब्दात होतं: वशिला. ब्रॅडलीनं त्याखाली कुठलीही शिक्षा लिहिलेली नाही. आपल्याकडे सापशिडीचा पूर्वज म्हणून जो मोक्षपट दाखवतात, आणि ज्याचं श्रेय परंपरा ज्ञानेश्वरांना देते, त्यात पुण्याच्या शिड्या आणि पापाचे साप. वशिला त्यात शिडीच्या बाजूला धरायचा की सापाच्या, यावर कचेरीतल्या त्या खोलीत एखादी दुपार सहज निघाली असती.

नोकरी असूनही नोकरीत न बसणारे लोक असतात, त्यांची गोष्ट निराळी. क्लाउस टॉयबर जर्मनीत डार्मस्टाटजवळ दातांच्या प्रयोगशाळेत काम करायचा. कवळ्या, दातांचे पूल, सोन्याच्या टोप्या. काम वाईट नव्हतं, पण त्यात त्याचा जीव रमत नव्हता, आणि संध्याकाळी तो तळघरात जाऊन खेळ जुळवत बसायचा. १९८८ मध्ये त्याच्या एका खेळाला जर्मनीतलं वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचं बक्षीस मिळालं. त्यात खेळाडूंनी मातीच्या वस्तू बनवायच्या आणि बाकीच्यांनी त्या ओळखायच्या. दिवसभर दात घडवणाऱ्याच्या बोटांना तेच सुचावं यात नवल नाही. १९९५ मध्ये ‘कातान’ आला आणि जगभर गेला. तरीही टॉयबरनं प्रयोगशाळा लगेच सोडली नाही, काही वर्षं सकाळी दात आणि संध्याकाळी बेटं असं चालूच ठेवलं. ही सावधगिरी मराठी मध्यमवर्गाला चटकन कळेल. बक्षीस आपल्या जागी, पगाराची तारीख आपल्या जागी.

पुण्या-मुंबईच्या बोर्डगेमच्या कॅफेंत आज शनिवारी संध्याकाळी कातान मांडलेला असतो. भोवती बसलेल्यांत शहरात नव्यानं नोकरीला आलेले पुष्कळ. कुणी नागपूरचा, कुणी कोल्हापूरची, कुणी थेट गुवाहाटीहून. एकमेकांची आडनावंही धड माहीत नसतात, पण ‘गहू देतो, मेंढी दे’ एवढं बोलणं चालू होतं. खेळात देवाणघेवाण केल्याशिवाय कुणाचंच चालत नाही, ही टॉयबरची खुबी.

याच मुलांच्या ऑफिसात, हिंजवडीत किंवा ऐरोलीत, काचेच्या भिंतींची खेळाची खोली असते. तिथला कॅरम नवाकोरा. बोर्ड बाजारातला भारीपैकी, कडा गुळगुळीत, सोंगट्या पिशवीत मोजून. पावडर मात्र नाही, कारण ती गालिच्यावर सांडते. एचआरचं निमंत्रण येतं, शुक्रवारी चार ते पाच, टीम बिल्डिंग. सगळे येतात, फोटो निघतो, पाचला सगळे जातात. निमंत्रण पाठवून चौथा गडी मिळत नाही. तो कुणीतरी रजेवर गेल्यावर मिळतो.

रेकॉर्डमागच्या त्या खोलीत एक वाजून अठ्ठावीस मिनिटांनी शिपाई डोकावतो. ‘साहेबांनी बोलावलंय.’ कुणाला, ते सांगत नाही. चौघांनाही आपलंच नाव ऐकू येतं. बोर्ड अर्धा राहिलेला. पांढऱ्या चार, काळ्या दोन, राणी अजून बाहेर. ‘हात लावू नका, उद्या इथूनच,’ असं बजावून वर कालचं वर्तमानपत्र पसरतात आणि जातात.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र उचललं तर सोंगट्या सरकलेल्या. सकाळी झाडणाऱ्यानं बोर्ड थोडा ढकलला असणार. राणी उजव्या कडेला होती, असं एक म्हणतो. मधल्या वर्तुळाच्या अंगाला होती, असं दुसरा. आवाज चढतात, जुन्या भांडणांचे दाखले निघतात, वीस मिनिटांतली चार त्यातच जातात. भिंतीला टेकलेला पंच काही बोलत नाही. काल तो नव्हताच. मग कुणीतरी दाराकडे वळून म्हणतो, ‘ए, तू सांग रे. काल तूच मारत होतास. राणी कुठे होती?’

नवा माणूस पुढे येऊन बोर्डावर वाकतो. दिव्याच्या पत्र्याला त्याचं डोकं लागतं आणि उजेड हलायला लागतो. चौघंही तो थांबायची वाट बघतात.